डाळिंबाचा एक कोपरा काढताना

आम्ही पाच-सहा जणी सावडीनं एकमेकींच्या डाळिंबाची छाटणी करतो. आज तुझी बाग, उद्या माझी. हात चालू असतात, तोंडं त्याहून जोरात! कर्जत तालुक्यातल्या आमच्या शिवारात खोडकिडा आल्यापासून मात्र दुसऱ्या कशाच्या गप्पाच होत नाहीत. एकीनं एक किस्सा सांगितला की दुसरीला दोन आठवतात. सगळ्या हसतात. मीही हसते, पण माझा राग घरी गेल्यावरही उतरत नाही.

हा किडा म्हणजे तिळाएवढा भुंगेरा. खोडाला टाचणीएवढी भोकं पाडतो, झाड आतून वाळवतो आणि मग शेजारच्या झाडावर जातो. आमच्या बागेच्या खालच्या कोपऱ्यात तो शिरला. विहिरीकडची बाग अजून चांगली होती. ती वाचवायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

*

सल्ला द्यायला एक साहेब आले. गॉगल न काढताच म्हणाले, "मॅडम, सिंपल आहे. तेवढा पॅच मुळासकट काढा, लाकूड त्याच दिवशी जाळा. बाकीची बाग सेफ!"

मी विचारलं, "आणि नवीन झाडं फळावर येईपर्यंत आम्ही काय करायचं?"

साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार निगेटिव्ह विचार करता!"

ज्या झाडांना मी उन्हाळ्यात हंड्यानं पाणी घातलं, ती उपटा म्हणणारे हे, आणि निगेटिव्ह मी!

*

जेसीबी बोलावला. कोपऱ्यापर्यंत वाट नव्हती, म्हणून ड्रायव्हर सरळ बांध फोडून चांगल्या ओळींतून घुसला. ठिबकच्या नळ्या चिरडल्या, फळावरची झाडं मोडली. मी मागून ओरडत पळतेय.

"ताई, रोगट झाडापर्यंत जायला रस्ता नको का?"

"अरे दादा, दाढ उपटायला सांगितली, तू जबडाच घेतलास की!"

तो हसला. "जबड्याचे वेगळे पैसे लावत न्हाई मी, ताई!"

*

ते यंत्र जिथं जिथं वळलं, तिथली जमीन डांबरी रस्त्यासारखी दाबली गेली. पाणी सोडलं की मुरायचंच नाही. नुसतं डबकं. माझी धाकटी जाऊ सिंधू बांधावर उभी राहून म्हणाली, "अक्का, आता यात मासे सोडा!"

पुढं वळवाचा पाऊस झाला आणि फुटलेल्या बांधातून आमची काळी माती खालच्या रानात वाहून गेली. मी बघायला गेले, तर त्या रानाचे मालक कंबरेवर हात ठेवून खुशीत उभे.

"वहिनी, लेक दिली असं समजा. आता परत मागायची न्हाई!"

*

झाडं उपटली त्याच दिवशी लाकूड जाळायचं ठरलं होतं. मी रॉकेल आणायला घरी गेले. परत येते तर ढीग गायब! आमच्या ह्यांनी सगळं ट्रॉलीत भरून परसात नेऊन रचलं होतं.

"बंबाला होईल. वर्षभर आंघोळीच्या पाण्याची चिंता नाही!"

"अहो, लाकडात किडा जिवंत आहे. तो निघून विहिरीकडच्या बागेत जाईल."

"बंबात घातल्यावर कसा जाईल?"

म्हणजे किडा आपला नंबर लागेपर्यंत वर्षभर रांगेत बसणार! मी रॉकेलचा डबा उचलला. तो ढीग तिथंच पेटवून दिला. त्यानंतर कितीतरी दिवस हे गार पाण्यानं आंघोळ करताना "शिव शिव शिव" असं ओरडायचे, चुलीपाशी मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं!

*

विहिरीकडच्या बागेला लागूनच अप्पांची बाग. अप्पा म्हणजे आमचे शेजारी, मनानं चांगले, पण हलायला जड. त्यांच्या बांधाकडच्या ओळींत किडा दिसत होता आणि ते झाडं तोडत नव्हते. आधी म्हणाले, "फळ उतरू द्या." मग म्हणाले, "आखाड जाऊ द्या." मग म्हणाले, "पितरं चालू हायती, कुऱ्हाड लावू न्हाई."

मी आयुष्यात कुणाला चारचौघांत टाकून बोललेली नाही. पण त्या दिवशी डेअरीपुढं, सगळ्या गावादेखत बोलले. "अप्पा, माझी उरलेली बाग गेली ना, तर तुमच्या दारात येऊन बसेन! मग पितरांनाच विचारा माझं काय करायचं ते!"

अप्पांच्या मनाला लागलं असावं. दोन-तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. "वहिनी, तोडलं समदं. या बघायला. आन तुमच्यासाठी बी एक काम केलंय."

मी चप्पल न घालताच पळाले. अप्पांच्या त्या ओळी खरंच मोकळ्या झाल्या होत्या. लाकडाचा ढीगही कुठं दिसेना. माझ्या जिवात जीव आला.

"जाळलं ना सगळं, अप्पा?"

"जाळतोय कशाला? डाळिंबाचा काटा लई भारी असतुया. तुमच्या बागंत शेळ्या शिरत्यात म्हणत हुता न्हवं?"

त्यांनी हात केला तिकडं मी पाहिलं. आमच्या विहिरीकडच्या बागेला चारी बाजूंनी, छातीइतकी उंच, ताज्या फांद्यांची कुपाटी घातली होती.

अप्पा कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "शेजारधर्म हाय, वहिनी. आता किडामुंगी सुदीक आत शिरायची न्हाई!"