खोक्यावर छापलेला वेग

सिरसाळ्यातल्या आमच्या स्टुडिओत माणसं दोनच. लग्नाच्या शूटिंगला आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, अन् कॉम्प्युटरपुढं एडिटिंगला मी. एक फिल्म तयार व्हायला अख्खी दुपार जायची. तेवढा वेळ पत्र्याखाली खुर्चीला खिळून बसायचं, कंबरेचा पार भुगा व्हायचा.

ह्यांनी कुठंतरी बघितलं की रॅमच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीच्या, खोक्यावर ३२०० चा वेग छापलाय, पण आपलं मशीन तिला २१३३ वरच पळवतंय. मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये शिरून ह्यांनी आकडा ३२०० केला. थंडीत सगळं झक्क चाललं. पण ह्या माणसाला चैन पडेल तर ना! आकडा ३६०० वर नेला. मी म्हटलं, चाललंय ते चालू द्या, उगं कशाला छेडता? ऐकतंय कोण.

उन्हाळ्यात पत्रा तापला तसं मशीन अडायला लागलं. मधेच निळा पडदा यायचा अन् बंद. पुन्हा चालू करा, पुन्हा पहिल्यापासून बसा. मला रडायचंच बाकी होतं. ह्यांनी पंख्याला दोष दिला अन् पंखा बदलला. रॅम झेपत नसली की गपचूप चुका करते, अन् मशीनवर उतरवलेली फाईलसुद्धा नासवते, हे दोघांनाबी ठाऊक नव्हतं.

त्याच दिवसांत माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. शूटिंग अर्थातच ह्यांचं. कॅमेऱ्याचं कार्ड मशीनवर उतरवलं अन् दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी पुसून टाकलं. घरचं काम, म्हणून एडिटिंग मागं राहिलं. गिऱ्हाईक आधी. पावसाळ्यात अण्णांना, माझ्या वडिलांना, लकव्याचा झटका आला अन् त्यांची वाचा गेली. तेव्हा कुठं मी ती फाईल उघडली. पाठवणीच्या वेळी अण्णा बहिणीला जवळ घेऊन सांगतायत, "पोरी, तिकडं गेलीस तरी..." अन् चित्र हिरवं पडतं. पुढं नुसती खरखर. बहिणीला विचारलं, तर रडण्यात तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

दुरुस्तीवाल्यानं मशीन तपासलं अन् त्या ३६०० च्या आकड्यावर बोट ठेवलं. मी ह्यांच्यावर तुटून पडणार होते. किती दिवसांचं साठलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. हे मान खाली घालून म्हणाले, "तुझी कंबर लई दुखती म्हणून केलतं गं. लवकर उठावंस म्हणून."

आकडा मी माझ्या हातानं २१३३ वर आणला. फिल्मला पुन्हा अख्खी दुपार लागते, अन् कंबर दुखायची ती दुखतेच.

परवा अण्णांना त्याच खुर्चीत बसवून पाठवणी दाखवली. त्यांचा आवाज आला अन् तिथंच तुटला. अण्णांचे ओठ हलले. पुढचं त्यांना ठाऊक होतं, पण तोंडातून घोगरा श्वास तेवढा आला. मग डाव्या हातानं त्यांनी खुणावलं, पुन्हा लाव. मी पुन्हा लावलं.