बियाणं वेगळ्या घरात

जळगावात संगणकाचा वर्ग घेताना मी पोर्ट शिकवतो ते चक्क नाटक करून. संगणक म्हणजे एक घर, त्याला हजारो क्रमांकांची दारं, आणि प्रत्येक उघड्या दाराआड एक सेवेकरी. एक टपाल घेतो, एक पानं दाखवतो, एक तर लांबच्या माणसाला थेट आणून खुर्चीवर बसवतो. मी फळ्यावर टकटक करतो, सेवेकऱ्याच्या आवाजात 'कोण?' विचारतो, पोरं हसतात. या नाटकाचा एक प्रवेश मात्र मी कधी करत नाही.

धरणगावला एक निवृत्त मास्तर आहेत, आमचे नाना. गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून त्यांनी कानबाईची, आमच्या खानदेशातल्या देवीची, गाणी टेपवर घेतली. त्यातल्या बऱ्याच जणी आता नाहीत. नानांची थोरली बहीण, अक्का, त्यातलीच. ती गाणी मी नानांच्या संगणकात भरली, बाहेरच्या डिस्कवर नक्कलही ठेवली; मूळ टेपा त्यानंतर बुरशीने गेल्या. पुढे मे महिन्यात बसने जायचा कंटाळा आला, म्हणून घरबसल्या काम करायला ते लांबच्या माणसाचं दार उघडं ठेवलं. क्रमांक तेवढा बदलला आणि स्वतःवरच खूश झालो. चौकटीवरची किल्ली कुंडीखाली ठेवावी, इतकंच ते शहाणपण. पासवर्ड गावाचं नाव.

नाना रोज संध्याकाळी डिस्क काढून आतल्या खोलीत न्यायचे. मी कारण विचारलं.

"बी आनि दाना एकच घरमा ठेवतस का रे भाऊ?"

मी त्यांच्याच समोर त्यांची नक्कल केली, पोटभर हसलो, आणि डिस्क लावलेलीच राहू द्या म्हणून बजावलं. स्वतः मास्तर, शिकवणाऱ्याचं ऐकलं त्यांनी.

दारं ठोठावत फिरणारे प्रोग्राम क्रमांकाला फसत नाहीत. ते सगळीच ठोठावतात. एका सकाळी प्रत्येक गाण्याला कुलूप होतं आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. लावलेल्या डिस्कवरही तेच कुलूप.

मी पहिल्या बसने गेलो. ते दार बंद केलं, नको त्या सगळ्या सेवा बंद केल्या. नाना शेजारी बसून बघत होते. दोष दिला नाही. एवढंच विचारलं, "अक्काना आवाज बी गया का?"

मी हो म्हटलं.

नवी डिस्क मीच नेऊन दिली. नाना ती रोज संध्याकाळी काढतात, फडक्यात गुंडाळतात आणि बियाण्याच्या कोठीशेजारी ठेवतात. तिच्यावर अजून काहीच नाही.