होळीची परवानगी

मी पुसदच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. इंग्लंडात राजा असतो, पण सत्ता निवडून आलेल्यांची. आपल्याकडे सगळ्यात वरची खुर्चीसुद्धा निवडणुकीची. हे सांगताना माझी छाती उगीच फुगायची. बिनकामाचा राजा पोसायचा कशाला, असं मी दरवर्षी वर्गाला विचारायचो.

तिकडे फुलसावंगीजवळच्या आमच्या बंजारा तांड्यात माझा बाप नायक होता. नायकी वंशपरंपरेची. कारभार सरपंचाचा, बापाच्या हाती फक्त होळी. आमच्यात होळी पहाटे पेटते, आणि नायकानं 'पेटवा' म्हटल्याशिवाय कोणी काडी लावत नाही. निवडणुकीत एकमेकांचं तोंड न पाहणारेही त्या पहाटे डफ घेऊन आमच्या अंगणात यायचे, बापाला विचारायचे आणि मग एकाच होळीभोवती नाचायचे.

बाप गेला तेव्हा पंच पागोटं घेऊन माझ्याकडे आले. मी शहाणपणा केला. म्हटलं, "नायक निवडा. हात वर करा, मी मोजतो." माझा धाकटा भाऊ आणि आमचा चुलतभाऊ उभे राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चुलतभाऊ जिंकला, पण कोण कोणाच्या विरुद्ध आहे हे त्या दुपारी सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. भाऊ आपली माणसं घेऊन नाल्यापलीकडे राहायला गेला. जाताना म्हणाला, "मले नायक नसतं केलं तरी चाललं असतं दादा. मोजलं काहून?"

तेव्हापासून तांड्याच्या दोन होळ्या पेटतात. होळीला मी तांड्यावर जातो, आणि पहाटे मला अंगणातून बापाचं खाकरणं ऐकू येतं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी ऐकू येतं, आणि मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतो.

यंदा धीर करून दार उघडलं. अंगणात चुलतभाऊ एकटाच उभा होता. मतांनी निवडून आलेला नायक, हातात काडीपेटी.

"इथं काय करून राह्यला?"

"दरसाल येतो. मोठे बा 'पेटवा' म्हणते का, ते आयकतो."

"मग?"

"आतापावतर नाही म्हटलं दादा. तशीच पेटवतो."

मला भीती वाटली, आणि लाजही. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. उजाडेपर्यंत आम्ही दोघं ऐकत होतो.