वसंतरावांनी न टाकलेला फोटो

वसंतराव लांजेवारांनी चार लोकांनी वाचावं म्हणून पहिल्यांदा काही लिहिलं, तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते. तोवर त्यांचं लिखाण म्हणजे कूलरच्या पत्र्यावर खडूनं टाकलेली मापं.

बेसा रोडवर, आमच्या लेआउटच्या, म्हणजे प्लॉटांच्या वसाहतीच्या, तोंडाशी त्यांचं दुकान. पुढे टिनाचं शेड, मागे घर. उमरेडकडच्या खेड्यातून तरुणपणी नागपुरात आले, एका कारखान्यात पत्रा कापायला शिकले आणि पुढे स्वतःच कूलर बनवू लागले. मग प्लास्टिकचे तयार कूलर आले, आजूबाजूच्या फ्लॅटांत एसी लागले, आणि त्यांचं काम दरवर्षी थोडं थोडं आटत गेलं. एका वर्षी होळी होऊन गेली तरी शेडखाली कोणी फिरकेना. तेव्हा त्यांच्या मुलीनं, वैभवीनं, त्यांच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं.

“बाबा, इथे लंबंचौडं नाही लिहायचं. दोन-तीन ओळी बस. लोकं वाचतात, विचारतात, आपण उत्तर द्यायचं.”

“काय लिहू वं? कूलर घ्या म्हणून?”

“तसं कोणी वाचत नाही. तुम्ही गिऱ्हाइकांसोबत बोलता न, तसंच लिहा.”

वसंतरावांनी एका बोटानं, अक्षर अक्षर शोधत लिहिलं: ‘तुमचा कूलर आवाज करून राहिला का? तो रागावला नाही. पंख्याचा नट ढिला झाला आहे.’ खाली दुकानाचं नाव.

त्या दिवशी चौघांनी वाचलं. महिनाभरात चारशेंनी. दुपारी काम नसलं की ते शेडखाली खुर्ची टाकून बसत आणि लिहीत. कूलरच्या बाजूंना लावलेल्या वाळ्याच्या ताट्या कधी बदलायच्या, टाकीला गंज लागू नये म्हणून काय करायचं, खिडकी उघडी ठेवल्याशिवाय कूलर थंड हवा का देत नाही. लोकांना त्यांची भाषा आवडली. कोणीतरी विचारलं, “काका, शेजाऱ्यानं एसी घेतला, आता आम्ही काय करू?” वसंतरावांनी उत्तर दिलं, ‘घेऊ द्या. लाइट गेली का तोही तुमच्यासारखाच अंगणात बसते.’ ती ओळ इतकी फिरली की प्रतापनगरातून, जरीपटक्यातून माणसं कूलर बघायला आली. एक बाई तर म्हणाल्या, “कूलर तर घेतेच, पण मले तुम्हाले पाहाचं होतं.” वसंतराव लाजून आत पाणी आणायला गेले.

एक पोस्ट मात्र ते दर सोमवारी टाकत. ‘टाकीत हात घालायच्या आधी पिन काढा. अर्थिंग तपासा. लेकरांले कूलरपासून दूर ठेवा.’ त्या पोस्टला कोणी फारसं विचारत नसे.

दोन उन्हाळे असे चांगले गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यातल्या एका दुपारी, वैभवीचा ऑफिसातून फोन आला.

“बाबा, ॲप उघडू नका.”

अर्थात त्यांनी उघडलं. एका खोलीतल्या कूलरचा फोटो होता. कूलरवर त्यांचाच निळा स्टिकर. वर लिहिलं होतं: ‘ह्या कूलरचा शॉक लागून माझा चार वर्षांचा पुतण्या दवाखान्यात आहे. आणि हा माणूस इथे रोज शहाणपण शिकवतो.’ लिहिणाऱ्याचं नाव आर्यन. फोटो टाकून दोनच तास झाले होते आणि तो हजारो लोकांनी पुढे पाठवला होता.

वसंतराव खाली खाली वाचत गेले. खुनी. चोर. असल्या म्हाताऱ्याले त्याच्याच टाकीत बुडवा. शिव्या देणाऱ्यांत ओळखीची नावं होती. त्यांना बघायला म्हणून आलेल्या बाईंनीही लिहिलं होतं, ‘विश्वास ठेवला, चुकलं.’

त्यांनी आर्यनला निरोप पाठवला. पत्ता द्या, मी येतो. उत्तर आलं नाही. पण फोटोतल्या स्टिकरवर त्यांनीच टाकलेला नंबर दिसत होता. जुन्या वहीत तो सापडला. नऊ वर्षांपूर्वी विकलेला कूलर, शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या वाडी भागातला पत्ता. त्यांनी स्कूटर काढली आणि बाहेर ऊन नुसतं पोळत असताना शहर ओलांडून गेले.

ट्रकांच्या गोदामांमागे भाड्याच्या दोन खोल्या होत्या. दार उघडंच होतं. घरातले सगळे दवाखान्यात, आत फक्त एक म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. ते मुलाचे आजोबा, रुपराव.

“मी लांजेवार. कूलरवाला,” वसंतराव दारातूनच म्हणाले. “लेकरू कसं आहे?”

रुपरावांनी त्यांना हातानं आत बोलावलं. “गोलू बोलून राहिला म्हणतात. हात भाजला. डॉक्टर म्हणे, वाचला.”

वसंतराव उंबऱ्यावरच बसले. मग त्यांनी विचारलं, “कूलर पाहू का?”

पिन आधीच काढलेली होती. त्यांनी मागची ताटी बाजूला केली आणि वायर हातात धरून शेवटापर्यंत नेली. त्यांनी बसवलेली तीन तारांची जाड वायर टोकाला कापलेली होती. थ्री पिनच्या जागी टू पिन, आणि अर्थिंगची हिरवी तार छाटून काळ्या पट्टीखाली दाबून टाकलेली. सवयीनं त्यांनी खिशातून फोन काढून फोटो घेतला. बिघाडाचे फोटो ते नेहमीच घेत.

“ते मीच कापलं गा,” मागून रुपराव म्हणाले.

वसंतराव वळले.

“तीन भोकाचा बोर्ड होता तो यंदा जळाला, घरमालकानं दोन भोकाचाच लावला. त्याले किती डाव म्हटलं. पोरगा ट्रकवर असते, महिना महिना येत नाही. गरमीनं गोलूच्या अंगावर घामोळं उठलं होतं, रडून राहिला होता. मंग मीच पिन बदलली. चालला न कूलर. पंधरा दिवस चांगला चालला.” म्हाताऱ्यानं दाराबाहेर एकदा पाहून घेतलं. “घरात कोणाले माहीत नाही. सून विचारते, असं कसं झालं, तर मी गप राहतो. धाकटा आर्यन तर तुमच्या नावानं बोंबलून राहिला. मी सांगू का त्यांले? तुम्हीच सांगा, सांगू का?”

वसंतरावांनी हत्यारांच्या पिशवीतून पकड काढली, कूलर कोणी पुन्हा लावू नये म्हणून त्याची वायर मुळापासून कापून टाकली आणि हात जोडून निघाले.

घरी आल्यावर त्यांनी वैभवीला सगळं सांगितलं. तिनं फोटो पाहिला आणि उठूनच उभी राहिली.

“मंग टाका न हा फोटो! आत्ता टाका. दोन ओळी लिहा खाली. खलास.”

“आणि मंग लोकं त्या म्हाताऱ्याले काय म्हणतीन?”

“म्हणू द्या. त्यानंच केलं न?”

“मले काय काय म्हटलं ते तू वाचलं न वं? ते सगळं त्याच्या अंगावर जाईन. त्याची सून वाचन, पोरगा वाचन. तो अगोदरच अर्धा मेला आहे.”

“आणि तुम्ही? तुमचं नाव गेलं तर चालते काय?”

वसंतरावांनी फोन हातात घेतला. चालत नव्हतं. तीस वर्षं पत्रा कापून कमावलेलं नाव होतं. पण बोट त्या फोटोवर जाईना.

शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लिहिलं: ‘लेकराची तब्येत सुधारत आहे. कूलर मीच विकला होता. त्याची वायर नंतर बदलली गेली. सर्वांनी आपापल्या घरची अर्थिंग तपासावी, हात जोडून विनंती.’ चार वेळा वाचून पाठवलं. दहा मिनिटांत उत्तरं येऊ लागली. ‘म्हणजे कबूल केलं.’ ‘आता गिऱ्हाइकावर ढकलून राहिला.’ ‘लेकरू मरता मरता वाचलं आणि हा उपदेश करते.’ घाबरून त्यांनी पोस्ट काढून टाकली. मग ‘पुरावा मिटवला’ म्हणून त्या काढलेल्या पोस्टचाच फोटो फिरू लागला.

त्यांनी प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचा प्रयत्न केला. एका बोटानं एकाला लिहून होईतो मागून वीस जण आलेले असत. तिसऱ्या दिवशी वैभवीनं त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. दुकानात दिलेल्या ऑर्डरी लोक फोन करून रद्द करत होते. काही तर फोनही करत नव्हते. शेडखाली रंगवून तयार ठेवलेले कूलर तसेच राहिले.

नवतपा, मे अखेरचे ते नऊ भाजणारे दिवस, संपत आला असताना आर्यनचा फोन आला. रुपरावांनीच घरात सांगितलं होतं. गोलू घरी आल्यावर त्याच्या हाताची पट्टी बघून त्यांच्याच्यानं राहवलं नाही.

“काका, मले माहीत नव्हतं,” आर्यन म्हणाला. “तुम्हाले तर त्याच दिवशी समजलं होतं. तुम्ही काहून नाही लिहिलं?”

“गोलूचे आजोबा जेवतात का?” वसंतरावांनी विचारलं.

“जेवतात थोडंसं.”

“मंग झालं.”

आर्यननं जुनी पोस्ट काढली आणि नवी टाकली: ‘चूक आमच्या घरची होती. लांजेवार काकांची माफी मागतो.’ ती अकरा जणांनी पाहिली. जुन्या पोस्टचे फोटो मात्र लोकांच्या फोनात होते, ते कोण काढणार? बेसा रोडला नवा राहायला आलेला माणूस कूलरवाला शोधू लागला की पहिल्यांदा तोच फोटो पुढे येई. वैभवीनं त्या ॲपच्या कंपनीला तीन वेळा लिहिलं. तिन्ही वेळा एकच ठरावीक उत्तर आलं.

पुढल्या वर्षी फेब्रुवारीतच वसंतरावांनी चार कूलर एका छोट्या गाडीत टाकले आणि उमरेडला बहिणीच्या घरासमोर मांडले. बहिणीला म्हणाले, “इथे आपल्याले कोण ओळखते?” आठवडाभरात एक कूलर गेलाही. मग एका सकाळी एस.टी. स्टँडकडून एक माणूस आला. त्यानं पत्रा वाजवून पाहिला, पंखा फिरवला, भाव विचारला. मग स्टिकर वाचून थांबला. खिशातून फोन काढून काहीतरी शोधलं आणि स्क्रीन वसंतरावांसमोर धरली.

“हे तुम्हीच न?”

“हो,” वसंतराव म्हणाले. “मीच.”

मग त्यांनी ताटी काढली, खाली बसले आणि पिनपासून पत्र्यापर्यंत जाणाऱ्या हिरव्या तारेवरून बोट फिरवत त्याला दाखवू लागले. इथून निघते, इथे पत्र्याले लागते, इथे मी दोन वेळा आवळतो. माणूस वाकून लक्ष देऊन बघत होता. बघता बघता त्यानं फोन आडवा धरला.

“काका, हेच पुन्हा एकदा सांगा न. व्हिडिओ घेतो. टाकून देतो.”

वसंतरावांचं बोट तारेवर थांबलं. त्यांनी त्या माणसाकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. चांगला माणूस वाटत होता. कदाचित खरंच त्यांच्या बाजूनं बोलला असता.

“नको गा,” ते म्हणाले, आणि ताटी परत बसवून टाकली.