किटली, छत्री आणि मामांचा रिकामा हात

जगात खराखुरा तटस्थ माणूस एकच, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. पाचगणीतल्या बाकी सगळ्यांची मतं चहाच्या टपरीवर बसल्या बसल्या सांगता येतात. कुणाचा आजोबा कुठल्या सभेत रुसून उठला होता, तेसुद्धा कळतं. मामांचं मत मात्र मामींनाही शेवटपर्यंत कळलं नाही. अशा माणसाची आयुष्यभराची तटस्थता मी मतदानाच्या आदल्या दुपारी एका किटलीनं बुडवली. बायकोबरोबर सांगलीहून निघताना त्यांच्या चहासाठी विजेवरची किटली घेतली, पिशवीत मावेना म्हणून हातात धरली आणि एसटी स्टँडपासून घरापर्यंत भर बाजारातून मिरवत नेली. नगराध्यक्षपदाच्या तीन उमेदवारांपैकी एकाचं चिन्ह किटली आहे, हे मामांनी दार उघडून कपाळावर हात मारला तेव्हा मला कळलं.

"वाटेत लोक फार प्रेमानं हसत होते हो," मी म्हणालो.

"हसलेल्यांचं सोडा, जावईबापू. न हसलेलं कोण कोण हुतं, ते सांगा."

मामा मूळचे म्हसवडचे, फौजेतून सुभेदार होऊन इथे थंड हवेत स्थायिक झालेले. निवडणूक लागली की त्यांच्या तटस्थतेला कवायतीची शिस्त येते. एका उमेदवाराकडे चहा झाला की उरलेल्या दोघांकडे जाऊन तेवढाच चहा मागून प्यायचा, मग पित्त उसळलं तरी बेहत्तर. रस्त्याच्या दोन्ही कडांना फलक लागलेले, म्हणून चालायचं बरोबर मधून. मागे टॅक्सीवाले भोंगे वाजवून थकतात. "मामा, लक्ष असू द्या," असं कुणी उमेदवार हात जोडून म्हणाला, तर उत्तर ठरलेलं, "लक्ष हाय की. तुमच्या तिघांवर बी हाय."

हे सगळं कशासाठी, तर मतदानासाठी. मतदानाची सुट्टी मिळाली की खालच्या शहरांतली माणसं गाड्या भरभरून वर येतात. मग आमचं हे गाव गल्ल्यावर नाहीतर घोड्याच्या लगामाला चिकटतं आणि मतदान केंद्रावर कर्मचारी जांभया देत बसतात. यावर मामांनी तोड काढली. ते दारोदार जायचे, दुकानदाराला उठवायचे आणि तो मत टाकून येईपर्यंत त्याच्या जागी स्वतः बसायचे. एकदा घोडेवाला परत आला तेव्हा मामा पर्यटकाला ताठ बसायला शिकवत होते आणि तो पास होईपर्यंत फुकट फेऱ्या मारून घेत होते. शेजारच्या आण्णांच्या दुकानात तर त्यांनी जॅमच्या बाटल्या चिक्कीच्या भावानं खपवल्या. तरी लोक त्यांच्या हाती गल्ला देत, कारण मामा कुणाचेच नव्हते.

आणि आता ते किटलीचे झाले होते.

मतदानाच्या सकाळी मामांनी स्वतःचं मत पहिल्या नंबरानं टाकलं आणि फेरीला निघाले. मी अपराध्यासारखा मागे. घोडेवाला म्हणाला, "आज लय गर्दी हाय मामा, बघू सांच्याला." आण्णा तर दुसऱ्या उमेदवाराच्या छत्रीचे कट्टर. रोज संध्याकाळी मामांशी कॅरम खेळणारा हा माणूस मान वर न करता म्हणाला, "किटलीवाल्याच्या हाती गल्ला देऊ व्हय? न्हाई जमायचं सुभेदार."

मामा घरी आले आणि टोपी काढून पायरीवर बसले. "आजवर आण्णाचं मत चुकलं न्हाई," ते म्हणाले. "आज चुकलं तर माझ्यापायी."

माझ्यापायी, असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण बायकोनं डोळे वटारले. मामा उठले आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा एका हातात माझी किटली, त्याच हाताच्या बगलेत छत्री, आणि माझ्या पुढ्यात त्यांनी मामींच्या माघारी राहिलेलं हातानं फिरवायचं शिलाई मशीन ठेवलं. तिसऱ्या उमेदवाराचं चिन्ह तेच होतं. "उचला," मामा म्हणाले.

ते मशीन छातीशी धरून मी अख्ख्या बाजारातून चाललो. मी दम खायला टेकलो की बिडाच्या त्या धुडावर मामा हळूच हात ठेवत. लोक दुकानातून बाहेर यायला लागले. चौकात हवालदारानं अडवलं.

"काय सुभेदार, आज मतदानाच्या दिवशी प्रचार?"

"कुणाचा? तूच सांग."

हवालदारानं तिन्ही वस्तू पाहिल्या, बराच विचार केला आणि म्हणाला, "मामा, केंद्राभोवतीच्या त्या चुन्याच्या रेघेच्या आत तेवढं आणू नका."

"आणि नोटाचं काय वं, मामा?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. मामांनी आपला दुसरा हात वर केला. रिकामा.

मग घोडेवाल्यानं हसत हसत लगाम त्यांच्या हातात दिला. त्याच्यामागून एकेक दुकान रिकामं व्हायला लागलं. मी तिन्ही चिन्हं घेऊन चुन्याच्या रेघेबाहेर बसलो. एका पर्यटक बाईंनी मला ब्लाउजची शिलाई विचारली.

आण्णा मात्र आले नाहीत. मतदान बंद व्हायची वेळ आली, ऊन टेबललँडच्या पठारावरून उतरलं, तरी मामा रस्त्याच्या बरोबर मधे उभे. शेवटी आण्णा दुकानाच्या पायऱ्या उतरले आणि गल्ल्याची किल्ली मामांच्या हातावर आपटली.

"जॅमचा भाव निराळा, चिक्कीचा निराळा. ध्यानात ठेव गड्या."

"पळ आदी," मामा म्हणाले आणि गल्ल्यावर जाऊन बसले. आण्णा शाई लावलेलं बोट नाचवत परत येईपर्यंत त्यांनी एकही गिऱ्हाईक केलं नाही. नुसतेच केंद्राच्या दिशेनं बघत राहिले.

परतीच्या एसटीत मी बायकोला विचारलं, "मामा रागावलेत का गं? पुढच्या निवडणुकीला काय आणू त्यांना?"

"मी विचारलं," ती म्हणाली. "वस्तू काही आणू नका म्हणाले, ती कुणाचं ना कुणाचं चिन्ह निघते. रिकाम्या हातानंही नको, तो नोटाचा."

"मग?"

पसरणीचा घाट उतरत आला होता. "म्हणाले, 'जावईबापूंना घिऊन ये म्हंजे झालं. पुढच्या वक्ताला एवढी दारं एकट्याच्यानं हुयाची न्हाईत.'"