गालात धरलेल्या गोळ्या

हे मी कोणाला सांगितलं नाही. भावाला नाही, पोरीला नाही, देवापुढं नारळ फोडतानाही नाही. चौथी शिकलो, अक्षर वाकडं आहे, तरी स्वतःच लिहून राहिलो. असली गोष्ट दुसऱ्याच्या हातानं लिहून घेता येत नाही, गड्या — काऊन ते तुला पुढं कळेल.

माझी बायको भागरता. धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या बाजूला आमचं गाव, घरचं थोडं धान. धानाच्या लावणीला आम्ही रोवणा म्हणतो. रोवण्यात ती बायांच्या टोळीसोबत लोकांच्या पाणी भरलेल्या बांधीत जायची, गुडघाभर चिखलात. हात असा चालायचा की शेतमालक आधी तिलाच विचारायला दारात यायचे. याचा मला अभिमान होता का? होता. आणि जळायचोही. दोन्ही एकाच पोटात.

रोवणा संपला की बाया मालकाला चिखल फासतात आणि मालक सगळ्यांना जेवू घालतो. जुनी रीत आहे, माझ्या आईनंही फासला असेल. त्या वर्षी मधुकरच्या बांधीतला रोवणा संपला. मधुकर माझ्याच वयाचा, पण केस काळे, बोलणं गोड, बायांना चहा स्वतः आणून द्यायचा. मी बांधीच्या कडेला, धुऱ्यावर उभा होतो. भागरतानं दोन्ही हातांनी त्याच्या गालांवर चिखल थापला आणि हसली. हसल्या तर सगळ्याच. मला एकच हसणं ऐकू आलं. माझ्यासमोर ती तशी हसली होती का कधी? तिथंच उभ्या-उभ्या आठवून पाहिलं — आठवलं नाही.

महिन्याभरानं तिला अंगावरून जाऊ लागलं. पिवळट, वासाचं. खाज, आग, लघवीला जळजळ. मला नाही सांगितलं, नर्सबाईला सांगितलं. नर्सबाईनं डॉक्टरीणबाईकडं धाडलं, आणि त्यांनी तिला तपासून मला आत बोलावलं.

रागावल्या नाहीत. समजावून सांगितलं, की बायकांना हा त्रास पुष्कळ कारणांनी होतो. दिवसभर ओलं कापड अंगावर राहिलं, साखरेचा आजार असला, दुसऱ्या दुखण्याच्या जड गोळ्या झाल्या, की बुरशी वाढते — तिचं औषध निराळं. साबणानं आतून धुतलं तरी बिघडते. "पण हिचा जंतू नवरा-बायकोत फिरणारा आहे, भाऊ. पुरुषाला बहुतेक काही जाणवत नाही, तरी तो घेऊन हिंडतो. कधीचा आहे, कोणाकडून आला, सांगता येत नाही. शोधूही नका. दोघांनी गोळ्या घ्या, संपेपर्यंत एकमेकांपासून दूर राहा, आणि दारू नको."

एवढ्या बोलण्यातलं मी काय उचललं? 'कोणाकडून' — तेवढंच.

किती फिरवून राहिलो बघ. आता सांगतो.

भागरता लोटा घेऊन समोर उभी राहायची. "घ्या जी." मी गोळी तोंडात टाकायचो, पाणी प्यायचो, आणि गोळी गालात धरायचो — जिथं तंबाखू-सुपारीचा खर्रा धरतो तिथं. सवयीचा गाल, कोणाला कळणार? कडू लागायची. मग गोठ्यामागं जाऊन धानाच्या तणसाच्या ढिगात थुंकायचो. एकही गिळली नाही.

नुसता हट्ट होता का? हट्ट असता तर बरं होतं. माझ्यात जंतू नाहीच असं धरून मी मनात डाव मांडला होता. गोळ्यांनी ती बरी होईल. मग पुन्हा झालं, तर समजायचं — मधुकरकडं जाऊन राहिली. तिच्याच दुखण्याला मी तिच्यावर पहाऱ्याला बसवलं.

ती बरी झाली. आम्ही जवळ आलो. दीड महिन्यात पुन्हा सुरू. तेव्हा माझ्या छातीत काय झालं, सांगू? दुःख नाही झालं — जिंकल्यासारखं वाटलं. असं आणखी एकदा. तीनदा तिनं गोळ्या गिळल्या, ओकाऱ्या काढल्या, तोंडाची चव घालवली. तीनदा मी गालात धरल्या. वरून तिला म्हटलं, "बांधीच्या पाण्यानं होते तुले. बंद कर जाणं." तिनं बंद केलं. ज्या टोळीत ती सगळ्यांच्या पुढं असायची, ती टोळी सोडली.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिला माझ्यासमोर विचारलं, "मागच्या वेळी नवऱ्यानं नक्की घेतल्या ना?"

भागरता चिडली. "माह्या समोर घेतल्या जी! पाणी मीच तर देऊन राहिली होती. मानूस हट्टी आहे, पन खोटा नाही."

मी बाजूच्या स्टुलावर. मान खाली घातली का? नाही. ताठ बसलो.

मग मधुकर मांडीचं हाड मोडून नागपूरला त्याच्या पोरीकडं पडला. तीन महिने गावात नव्हता. तो नसतानाच भागरताला चौथ्यांदा सुरू झालं. आता कोणाकडून? पहारा तर मीच बसवला होता, आणि त्यानं चोर पकडून दिला — घरातलाच. त्या वेळी मी गोळ्या गिळल्या. सगळ्या. पुन्हा तिला कधी झालं नाही. मधुकरचं नि तिचं काही नव्हतं. चिखल होता, रीतीचा.

बोललो तेव्हाही नाही. ती समजली, रोवणा सोडला म्हणून बरं झालं. मी समजू दिलं.

दहा-बारा वर्षं झाली. भागरता आता आत बसून लाखोळीची डाळ निवडून राहिली. तिला वाचता येत नाही. तेही मला ठाऊक आहे, हे लिहिताना.

दर रोवण्यात टोळी आमच्या दारावरून जाते. नव्या सुना हाक मारतात, "चाल ना वो आजी, रोवू नको, धुऱ्यावर बसून गाणं तरी म्हण!" ती उंबऱ्यापर्यंत येते. लुगड्याचा पदर कमरेला खोचते, सवयीनं. मग सोडते. म्हणते, "नाही वो बाई, मले बांधीचं पाणी बाधते."

मी ओसरीवर असतो. गालात खर्रा. पाणी नव्हतं बाधलं, हे सांगायला आधी तोंड रिकामं करावं लागते. मी केलं नाही.