मांडीवरची पिशवी

कुडपणच्या नाथूदादांना माणूस तोंडाने काय बोलतो यात फारसा रस नाही. "तोंड काय, कायपण बोलतं," हे त्यांचं मत. त्यांचं लक्ष हातापायांकडे, फार तर मानेकडे. अंगणात येऊन बैलाची पाठ थोपटणारा शेजारी बैल मागायला आलाय, हे त्यांना बैलाच्याही आधी कळतं. सोयरीक बघायला जाताना गावकरी त्यांना मुद्दाम नेतात आणि कोपऱ्यात बसवतात. मुलीचा बाप "विचार करून कळवतो" म्हणाला की सगळे नाथूदादांकडे बघतात, आणि नाथूदादा बापाच्या पायाच्या अंगठ्याकडे. मग हळूच म्हणतात, "च्या पिऊन घ्या रे. तेवढाच गावणार हाय."

अशा माणसाला सख्खी बहीण मात्र वाचता आली नाही.

धाकटी रंगूबाई तुडीलला दिलेली. गेल्या वर्षी यजमान गेले आणि घरात त्या एकट्या उरल्या. मुलगा मंगेश डोंबिवलीहून "आई, इकडेच ये" म्हणून मागे लागलेला. भातकापणीच्या दिवसांत त्या अचानक दुपारच्या एसटीने कुडपणला आल्या. नाथूदादांची बायको साळूबाई शेतावर होती. दादा कमरेत लचक भरल्यामुळे पडवीत.

"बस गो. च्या टाकतो."

"नको रे दादा. तू वाकलास तर तुला सरळ कोण करणार?"

दोघं हसली. रंगूबाई कडेला बसल्या. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. नजर सारखी आतल्या खोलीकडे. नाथूदादांनी लगेच ताडलं. पिशवी खाली ठेवत नाही, म्हणजे घाई. आत बघते, म्हणजे वहिनीला भेटून निघायचंय.

"साळू सांजेबिगर येत नाय. ही एसटी आता माघारी फिरंल, तीच गाठ, नायतर अडकशील."

रंगूबाई थोडा वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिल्या. "व्हय," म्हणाल्या, "अडकायला नको."

दादांनी दुखरी कंबर धरून पिशवी एसटीपर्यंत नेली. "जड हाय गो! काय भरलंस?"

"काय नाय. लुगडी."

एवढ्यावरही त्यांच्या डोक्यात उजेड पडला नाही. उलट संध्याकाळी साळूबाईला त्यांनी कौतुकाने सांगितलं, "रंगू येऊन गेली. पिशवी मांडीवरच. मी वळखलं, घाईत हाय."

साळूबाईने विळा खाली टाकला. "पिशवी आत कोन ठेवणार व्हता?"

आमच्याकडे माहेरवाशीण आली की भावजय तिच्या हातातली पिशवी घेऊन आत ठेवते. म्हणजे राहा. तोवर ती पिशवी सोडत नाही. आपणहून ठेवली तर जागा मागितल्यासारखं होतं.

"मी नव्हते, तर तुमी घ्यायची व्हती. गावाच्या सोयऱ्यांचे अंगठे बघत हिंडता! वन्सं राहायला आल्या व्हत्या, आनि तुमी त्यांना एसटीत बसवलंत?"

नाथूदादा त्या रात्री जेवले नाहीत. असलं फोनवर बोलायचं कसं, म्हणून भात झोडून झाल्यावर ते स्वतःच तुडीलला गेले. दाराला कुलूप होतं. शेजारची सुप्रिया म्हणाली, "काकू मंगेशदादाकडे गेल्या. आधी भावाकडे राहीन म्हणत होत्या. पण कुडपणहून आल्या आणि लगेच त्याला हो म्हणाल्या."

"कायतरी बोलली आसंल माझ्याबद्दल?"

"छे! माझ्या दादाने पिशवी उचलून दिली, कंबर दुखत असताना, असं सांगत होत्या."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दादांना वाटलं.

आता व्हिडिओ कॉलवर भेट होते. पडद्यावर रंगूबाईंचं नुसतं कपाळ आणि वर फिरणारा पंखा.

"जरा लांब धर गो फोन. हात दिसू दे."

"हात कशाला? बरी हाय मी."

परवा नाथूदादांनी जन्मात पहिल्यांदा मनातली एक गोष्ट तोंडाने सांगितली. "रंगू, इकडं राहायला ये. कायमची."

तिकडे पंखा फिरत राहिला. मग आवाज आला, "आता कसं रे? सुनेला नोकरी लागली. बाळ माझ्यावर हाय."

दादांनी नुसती मान हलवली. पण तिकडे रंगूबाईंनाही त्यांचं नुसतं कपाळच दिसत होतं.

"दादा," रंगूबाई विचारत होत्या, "आयकतोस ना? बोल की रे कायतरी."